उष्टे खेळ

शार्दूल बंगळुरूला गेला, यंत्र इथेच राहिलं
टीव्हीखाली, क्रोशाच्या रुमालाखाली.
धूळ पुसताना बोट कुठंतरी लागलं
आणि हिरवा दिवा पेटला. तिथून सुरुवात.

त्याची सवय जुनीच. वाढून घ्यायचं भरपूर,
उठायचं चार घास ठेवून.
वरणभात, थंडीतले गराडू, पेटीचा क्लास,
त्याचं उरलेलं संपवण्यात माझी वीस वर्षं गेली.
तेव्हा पडद्यावर अकरा खेळ अर्धवट दिसले
आणि हात आपोआप पुढं झाला.

या उन्हाळ्यात चार संपले.
स्पष्ट सांगते, मी काही साखरपुड्याला आलेली नाही
सगळ्याच पदार्थांना छान म्हणायला.

पहिला अंतराळाचा.
यान भव्य, आवाज भव्य, आत माणूस नाही.
जो तो नायकाला म्हणतो, तूच आमची आशा,
आणि स्वतः दार उघडायलाही उठत नाही.
असले लोक मी बँकेत एकतीस वर्षं पाहिले.
शार्दूलनं तिसऱ्या ग्रहावर सोडला होता, शहाणपणा केला.
मी सातव्यापर्यंत गेले ती निव्वळ हट्टानं.

दुसरा मोटारींचा.
यात मी वाईट आहे. घाटाच्या वळणावर
समोर कुणी नसतानाही हॉर्न शोधते. हॉर्नच नाही!
पलासियाच्या चौकातून रोज स्कूटी काढलेल्या बाईला
हॉर्नशिवाय शर्यत म्हणजे शेवेशिवाय पोहे.
आठांत आठवी आले.
संध्याकाळ मात्र सुंदर होते त्या रस्त्यांवर,
तिच्यासाठी पाचपैकी तीन.

तिसरा एवढासा.
एक बाई दीपगृहात राहते, जुनी पत्रं लावते, चहा करते.
वरच्या जैनांचा भाविक म्हणाला, काकी, पण यात करायचं काय?
अरे, हेच.
संपल्यावर उठून मी खरंच चहा ठेवला
आणि गाळणी हातात धरून उभी राहिले
चहा उतू जाईपर्यंत. एवढंच मत.

चौथ्याचं लिहायचं टाळत होते.

बर्फाचा मुलूख, तलवार, बापाचा सूड,
सूडाचं कारण तिसऱ्यांदा सांगतात तेव्हा जांभई येते.
राक्षस मारुतीच्या शेपटासारखा वाढतच जातो,
छत्तीस वेळा मेले मी त्याच्यापुढं.
पण घोडी.
शार्दूलनं तिचं नाव ठेवलं होतं कुंदा.

माझं नाव. घोडीला.
आधी राग आला. मग बघत गेले:
ओझं वाहते, शीळ घातली की कुठूनही येते,
उतारावर कुरकुरते,
कुणी बघत नसलं की गवत खाते.
ओळखलंय पोरानं.

त्याचा खेळ शेवटच्या पुलाअलीकडं थांबलेला.
बाण, औषधं, लोकर, सगळी तयारी झालेली,
दोनशे तास खेळून राहिला होता फक्त पूल.
आळशी कुठला, म्हणत मी टाच मारली.

पुलावर काय होतं ते सांगत नाही,
कुणाला खेळायचं असेल, रसभंग नको.
पलीकडं मी पायी पोचले
आणि शिळेचं बटण दाबत राहिले.
खाली रामबागेत कचऱ्याची गाडी येऊन, गाऊन,
निघूनही गेली. इंदूरात राहून
पहिल्यांदाच माझी गाडी चुकली.

रविवारी त्याचा फोन. आई, तो बर्फाचा संपवलास?
नाही रे, म्हटलं, लढाया जमत नाहीत मला,
पुलाअलीकडंच अडकलेय.
बरं, म्हणाला. मग जरा थांबून,
तिथंच राहू दे.

तर, कथा सामान्य, घोडी उत्तम.
पाचपैकी किती, ती जागा कोरी सोडते.
त्याची नोंद मी पुसलेली नाही, माझी वेगळी ठेवलीय.
अजून सात उरलेत.
ओटा आवरते आणि बसते.